घंटेच्या आकाराचा इलेक्ट्रॉन

‘एआयने औषध शोधलं’ अशी बातमी आली की संगणकात रेणू मुळात शिरला कसा, हे कुणी विचारत नाही. त्याचा एक रस्ता केंब्रिज विद्यापीठातून जातो. तिथे १९३२ मध्ये सैद्धांतिक रसायनशास्त्राचं अध्यासन सुरू झालं आणि जॉन लेनार्ड-जोन्स हे शास्त्रज्ञ त्यावर बसले. अणुरेणूंतले इलेक्ट्रॉन कसे वागतात ते सांगणारं श्रोडिंजरचं समीकरण १९२६ पासून सगळ्यांच्या हाताशी होतं, पण हायड्रोजनच्या पुढे ते कागदावर सुटेना. मग १९३५ मध्ये इथे मेकॅनोच्या खेळातल्या पट्ट्या आणि दातेरी चाकं जोडून समीकरणं सोडवणारं यंत्र उभं राहिलं. त्यात फिरत्या चकतीवर एक छोटं चाक लोळतं. पुढची चाकं ओढायचा भार त्याच्यावर जरा जादा आला की ते घसरतं, आणि उत्तरही त्याच्यासोबत घसरतं. १९३७ मध्ये विद्यापीठाने गणितीय प्रयोगशाळा काढली, तिचे पहिले संचालकही लेनार्ड-जोन्सच. त्याच प्रयोगशाळेत ६ मे १९४९ रोजी एडसॅक हा संगणक पहिल्यांदा चालला.

खरी गंमत १९५० ची. केंब्रिजमधल्याच एस. एफ. बॉईज यांनी इलेक्ट्रॉनसाठी मुद्दाम ‘चुकीचा’ आकार निवडला. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनचं खरं फल (तो कुठे किती सापडेल हे ज्यावरून कळतं ते गणिती सूत्र) केंद्रकापाशी टोकदार असतं आणि अंतर वाढेल तसं सावकाश विरतं. बॉईज यांनी घेतलं गॉसियन, म्हणजे घंटेसारखं: माथ्याला गोल, आणि लांब गेल्यावर फारच लवकर शून्याकडे जाणारं. दोन्ही टोकांना चूक. मग घ्यायचं कशाला?

कारण रेणूत इलेक्ट्रॉनांचं परस्पर प्रतिकर्षण मोजायला चार फलांचा गुणाकार असलेला इंटिग्रल, म्हणजे सगळ्या जागेवरची बेरीज, लागतो, आणि ती चार फलं चार वेगळ्या अणूंवर असू शकतात. टोकदार फलांनी हा इंटिग्रल सरळ सूत्रात बसत नाही. दोन गॉसियनांचा गुणाकार मात्र एकच गॉसियन होतो! एक शून्यावर ठेवा, घातांक (घंटा किती अरुंद ते ठरवणारा आकडा) १. दुसरं २ एकक दूर, घातांक ३. गुणाकाराचं केंद्र येतं १.५ वर, जड बाजूकडे सरकलेलं, सी-सॉच्या टेकूसारखं. नवा घातांक १ + ३ = ४, आणि पुढे गुणक सुमारे ०.०५. चाराची झाली दोन, आणि दोन गोल ढगांमधलं प्रतिकर्षण सूत्राने निघतं.

आकाराच्या चुकीची किंमत मोजावी लागतेच. हायड्रोजनची ऊर्जा हवी −०.५ हार्ट्री (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक), एका गॉसियनने जास्तीत जास्त −०.४२४ मिळते, म्हणजे १५ टक्के तूट. वेगवेगळ्या रुंदीची तीन एकत्र बांधली की −०.४९७. लेनार्ड-जोन्स यांचे विद्यार्थी जॉन पोपल (नोबेल १९९८) यांच्या अमेरिकेतल्या गटाने १९६९ मध्ये अशाच तिकड्यांचा तयार संच दिला, आणि त्यांच्या आज्ञावलीचं नावच पडलं गॉसियन.

पाण्याच्या रेणूला किमान सात फलं लागतात: ऑक्सिजनची पाच, हायड्रोजनची दोन. त्यांच्या चार-चारच्या जोडण्यांतून वेगळे इंटिग्रल ४०६, आणि प्रत्येक फल तीन गॉसियनांचं म्हणून प्रत्येकात ३ × ३ × ३ × ३ = ८१ तुकडे, म्हणजे ३२,८८६ आकडेमोडी. एडसॅकची स्मृती सुरुवातीला पाऱ्याच्या नळ्यांतल्या ५१२ शब्दांची होती. आज्ञावलीही त्यातच मावायला हवी.

बेंझीनला फलं ३६, इंटिग्रल २,२२,१११. फलं दुप्पट केली की काम सुमारे सोळापट. त्यामुळे प्रथिनाएवढा रेणू आला की नुसता वेगवान संगणक पुरत नाही. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने १९९० च्या दशकात यावर शिंप्याचा उपाय काढला, नावही ‘मॉलिक्युलर टेलरिंग’: रेणूचे एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे कापायचे, उघड्या टोकांना हायड्रोजन लावायचा, प्रत्येक तुकड्याचं गणित करून बेरीज घ्यायची आणि दोनदा मोजला गेलेला भाग वजा करायचा. कात्री बेंझीनसारख्या कड्यावरून मात्र चालवायची नाही. तिथले इलेक्ट्रॉन सगळ्या कड्यावर पसरलेले असतात आणि कापलं की हिशेब बिघडतो.