कलिल

कलिल : एका पदार्थाचे अतिसूक्ष्म कण दुसऱ्या पदार्थात विखुरलेले असून ते विरघळत नाहीत आणि सहजी तळाशीही बसत नाहीत, अशी द्रव्याची अवस्था. विखुरलेल्या कणांना अपस्कृत प्रावस्था व त्यांना धारण करणाऱ्या पदार्थाला अपस्करण माध्यम म्हणतात. कणांचा आकार सामान्यतः १ ते १,००० नॅनोमीटर मानतात. मृदाविज्ञानात चिकणमातीची वरची मर्यादा २,००० नॅनोमीटर धरण्याची रूढी असल्याने दोन्ही शास्त्रांतील आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

या विषयाचे जनकत्व बहुधा स्कॉटिश रसायनज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांना दिले जाते. १८६१ मध्ये त्यांनी चर्मपत्रातून पार होणारे ते स्फटिकाभ व न होणारे ते कलिल, अशी पदार्थांची विभागणी केली. तथापि इटालियन रसायनज्ञ फ्रान्चेस्को सेल्मी यांनी १८४५ च्या सुमारासच गंधक व प्रशियन ब्लू यांच्या ‘आभासी विद्रावां’चा अभ्यास केला होता आणि फॅराडे यांचे सोन्याच्या कलिलावरील काम १८५७ चे आहे, त्यामुळे ग्रॅहॅम यांच्याकडे शोधाचे नव्हे, तर वर्गीकरणाचे व परिभाषेचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक ठरते. तेही वर्गीकरण मूळ रूपात टिकले नाही. साधे मीठ बेंझिनमध्ये कलिलरूप घेऊ शकते, तर साबण अल्कोहोलमध्ये खरा विद्राव देतो. म्हणून कलिल हा पदार्थांचा वर्ग नसून अवस्था आहे, हे रशियन रसायनज्ञ फॉन वायमार्न यांचे मत आज स्वीकारले जाते.

दोन्ही घटकांच्या भौतिक अवस्थांवरून आठ प्रकार होतात. वायू एकमेकांत पूर्णपणे मिसळत असल्याने नववा संभवत नाही. पऱ्हाट्यांचा धूर व हिवाळ्यातील धुके ही वायुकलिले होत. कवेलूंच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा धुरात स्पष्ट दिसतो, तो टिंडल परिणामामुळे, म्हणजे सूक्ष्म कणांनी प्रकाश विखुरल्यामुळे. ताक घुसळताना येतो तो फेस, घट्ट लागलेले दही हे जेल (द्रव धरून ठेवणारे घट्टसर कलिल), गढूळ पाणी हे सॉल (द्रवात घन कण विखुरलेले कलिल). घन माध्यमाच्या प्रकारांत प्यूमिस दगड व रंगीत काच यांचा उल्लेख पुरेसा आहे. कपाशीवर फवारायची कित्येक तेलकट कीटकनाशके पाण्यात ओतताच दुधाळ होतात, ते पायस (इमल्शन), म्हणजे एका द्रवात विखुरलेले दुसऱ्या द्रवाचे थेंब होत. निंबोळी तेलात साबणचुरा घालण्याचे कारण हेच, अन्यथा तेल पंपात वर तरंगते आणि फवारा सारखा पडत नाही. दुधाला पाठ्यपुस्तके पायसाचे उदाहरण म्हणून देतात, परंतु त्यातील स्निग्धाचे अनेक गोलक १,००० नॅनोमीटरपेक्षा मोठे असतात. काटेकोरपणे कलिलीय म्हणावेत ते केसीन या दुधातील प्रथिनाचे कण. विरजणाच्या आम्लाने पीएच (आम्लतेचे माप) ४.६ च्या आसपास आला की त्यांचा निव्वळ विद्युत्‌भार नाहीसा होऊन ते एकत्र येतात.

अशा एकत्र येण्याला साकळणे म्हणतात. शुल्झे (१८८२) व हार्डी (१९००) यांच्या नियमानुसार, कणांच्या विरुद्ध भाराच्या आयनाची (विद्युत्‌भारित अणूची) संयुजा, म्हणजे त्यावरील भाराची संख्या, जितकी जास्त, तितकी साकळण्याची क्षमता झपाट्याने वाढते. मातीचे कण ऋणभारित असल्याने तुरटीतील त्रिसंयुजी ॲल्युमिनियम सोडियमपेक्षा काही शे पटींनी प्रभावी ठरू शकते. विहिरीच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात ती यासाठी. निवळीच्या बिया उगाळून पाणी निवळण्याची प्रथा बरीच जुनी असावी; सुश्रुतसंहितेत कतक या नावाने तिचा निर्देश आहे, मात्र ग्रंथाचा काळ विवाद्य असल्याने प्रथेला निश्चित शतक देता येत नाही.

विदर्भातील काळ्या कपाशीच्या मातीत माँटमोरिलोनाइट हे फुगणारे खनिज विपुल आहे. उन्हाळ्यात वावराला पडणाऱ्या रुंद भेगा त्याच्या आकुंचनाने होतात. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात या मातीच्या कणांभोवती सोडियमचे प्रमाण वाढलेले असते. एकसंयुजी सोडियम कणांना नीट साकळू देत नाही. माती ओली होताच कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होते. जिप्सममधील द्विसंयुजी कॅल्शियम सोडियमची जागा घेते व कणांचे पुन्हा पुंजके बनतात. मात्र सुटलेले सोडियम पाण्याबरोबर वाहून जाण्यासाठी चर काढून निचरा करावा लागतो, अन्यथा ते मातीतच राहते.