पार्श्वभूमी : बर्फावरचं कंदहार

स्कीइंगच्या बातम्यांत 'कंदहार' हे नाव हमखास दिसतं. जर्मनीत गार्मिशला त्या नावाचा उतार आहे, आणि आर्लबर्ग-कंदहार ही जुनी शर्यत तर प्रसिद्धच. हे कंदहार अफगाणिस्तानातलंच. (नांदेडच्या कंधारकरांनी हुरळून जाऊ नये.) १८८० साली काबूलहून कंदहारवर चालून गेलेले ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या नावाचा 'रॉबर्ट्स ऑफ कंदहार' चषक ठेवून जानेवारी १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोंताना गावी शर्यत झाली. वरून सगळ्यांनी एकदम सुटायचं, खाली जो आधी पोचेल तो जिंकला. ती भरवणारे इंग्रज स्कीपटू अर्नोल्ड लन तेव्हा २२ वर्षांचे होते.

लन यांचा जन्म १८८८चा, मद्रासचा. वडील हेन्री तिथे मिशनरी होते. पुढे त्यांनी सहलींचा धंदा काढला आणि हिवाळ्यात ओस पडणाऱ्या आल्प्समधल्या गावांत इंग्रज गिऱ्हाईक नेलं. त्यापायी पोराला दहाव्या वर्षीच फ्रान्समधल्या शामोनीत स्की मिळाल्या. १९०९ मध्ये मात्र वेल्समध्ये कडा चढताना लन कोसळले. उजवा पाय वाचला, पण दोन इंच आखूड झाला; जखम पुढे कित्येक वर्षं वाहत राहिली. मोंतानाची शर्यत त्यानंतरची आहे, हे विसरू नये.

तोवर स्कीइंगवर नॉर्वेचा शब्द चाले : लांब पल्ल्याची दौड आणि उडी हेच खरे प्रकार. उतारावरच्या वळणांना परीक्षक दिसण्यावरून गुण देत. लन यांना हे पटेना. अडथळा चुकवायचा आणि वेग राखायचा, वळण घ्यायचं ते एवढ्यासाठी. जानेवारी १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या म्युरेनला त्यांनी उतारावर झेंड्यांच्या जोड्यांची फाटकं रोवली. प्रत्येक जोडीतून जायचं, निकाल घड्याळाचा. हीच स्लॅलम शर्यत. वेडंवाकडं वळलात तरी चालेल! ऑस्ट्रियात माथियास झ्डार्स्की यांनी १९०५ मध्येच फाटकांची शर्यत घेतली होती, त्यामुळे स्लॅलमचा जनक कोण हा वाद मिटलेला नाही. आजच्या स्लॅलमचं मूळ मात्र म्युरेनलाच सापडतं.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची मान्यता १९३० मध्ये आली आणि १९३६च्या गार्मिश ऑलिंपिकमध्ये उतारावरचं स्कीइंग दाखल झालं. स्लॅलमचे पंच होते लन. उद्घाटनाच्या संचलनात ब्रिटिश स्की संघाचा कर्णधार मात्र दिसला नाही. तो त्यांचाच मुलगा, पीटर. नाझींपुढून चालायला त्याने नकार दिला होता.