गोव्याच्या जुन्या ट्रकांचे फोटो : नाक, नंबर आणि खनिजाची वाट

जुन्या ट्रकांचे फोटो जमवणारी, त्यावर तासन्‌तास बोलणारी मंडळी जगात सगळीकडे आहेत. त्यांच्या संग्रहात एक गोष्ट हटकून असते, ती म्हणजे दारावर ठसठशीत रंगवलेलं वाहतूक कंपनीचं नाव. खाली गाव, फोन नंबर, आणि कंपनीचा ठरलेला रंग. फोटो पाहणारे त्या नावावरून कंपनी कधी निघाली, कुणी विकत घेतली, कधी बुडाली, हे सांगत बसतात.

गोव्यातले असे फोटो घेऊन बसलात तर हे नावच सापडत नाही. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या भागांतल्या घरांतून निघालेल्या फोटोंमध्ये ट्रकच्या कपाळावर ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’ असतं, ‘सातेरी’ असते, ‘दामोदर’ असतो, नाहीतर सांत आंतोन. मागच्या फाळक्यावर मुलांची नावं. कंपनी कुठेच नाही. कारण गोव्याच्या वाहतुकीचा मोठा भाग कंपन्यांनी केलाच नाही. तो एकेका घराने, एकेका ट्रकने केला. म्हणून त्या इतिहासाचं दफ्तर कुठल्या हेड ऑफिसात मिळत नाही. ते लग्नाच्या आल्बमात, बारशाच्या फोटोशेजारी चिकटवलेलं असतं.

ट्रक येण्याआधीची वाट थोडक्यात सांगायची तर मीठ खाली पिकायचं आणि घाटावर जायचं. लमाणांचे बैलांचे तांडे रामघाटासारख्या वाटांनी मीठ घेऊन वर चढत आणि धान्य घेऊन उतरत. १८८८ मध्ये मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज रेल्वे आली आणि मालाचा मोठा ओघ दूधसागरच्या बाजूने वळला. मोटारी आल्या त्या आधी माणसांसाठी. गोव्यात ज्यांना ‘कारेर’ म्हणत त्या प्रवासी गाड्यांच्या टपावरून नारळ, भाजी, कोंबड्या हेही जात. मालासाठी ट्रक हवा होता तो खनिजाला.

लोह आणि मँगनीजच्या खाणींचे परवाने, म्हणजे कन्सेशनं, पोर्तुगीज सरकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच देत होतं. पण खरी निर्यात दुसऱ्या महायुद्धानंतरची. जपानला पोलाद उभं करायचं होतं, युरोपलाही. पन्नासच्या दशकात चौगुले, साळगावकर, धेंपो, तिंबलो ही नावं मोठी झाली. १९५४ मध्ये इटालियन भांडवलावर सेसा गोवा सुरू झाली. मुरगाव बंदरात बोटी लागू लागल्या. खाणी होत्या आत डोंगरात, बंदर समुद्रावर, आणि मध्ये मांडवी-जुवारीच्या नद्या. त्यातून जी साखळी बसली ती पुढची सहा दशकं टिकली: खाणीतून ट्रक, ट्रकमधून नदीकाठचा धक्का, धक्क्यावरून बार्ज, म्हणजे माल नेणारी सपाट तळाची बोट, बार्जमधून मुरगाव. सावर्डे, कापशे, आमोणे, सारमानस, कोठंबी ही नदीकाठची गावं त्यामुळे नकाशावर ठळक झाली. ट्रकचा टप्पा तसा छोटा, पण सगळ्यांत जास्त माणसं त्याच टप्प्यावर होती.

१९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि कॅसलरॉककडची रेल्वे बंद पडली. भारतातून काही येईना, तेव्हा पोर्तुगीजांनी समुद्रमार्गाने आयात मोकळी सोडली. खनिजाचा पैसा हाताशी होताच. त्यामुळे मुंबई-बेळगावात ज्यांचं नाव नुसतं ऐकायचं अशा परदेशी गाड्या पणजी-मडगावच्या रस्त्यांवर धावत होत्या, आणि ट्रकही त्याला अपवाद नव्हते. त्या काळच्या फोटोंत रहदारी मात्र डाव्या बाजूनेच दिसते. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवीकडून चालायला सुरुवात केली तरी शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान असल्यामुळे गोवा डावीकडेच राहिला. फोटो ‘पोर्तुगालमधला’ की ‘गोव्यातला’ असा वाद पडला तर हा एवढा पुरावा पुरतो.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. माघार घेताना पोर्तुगीजांनी बाणास्तरी आणि बोरीचे पूल उडवले, त्यामुळे स्वातंत्र्याचे पहिले दिवस वाहतुकीच्या हिशेबाने खोळंब्याचेच गेले. पुढे भारताचे आयात नियम लागू झाले आणि परदेशी ट्रकांचे सुटे भाग दुर्मीळ झाले. इथून मिस्त्र्यांचं राज्य सुरू झालं. पेट्रोलचं मूळ इंजिन काढून त्या जागी मद्रासच्या सिम्सन कंपनीचं पर्किन्स डिझेल इंजिन बसवायचं, स्प्रिंगचे पाटे दुसऱ्या गाडीचे, गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा, हा उद्योग तेव्हा देशभर चालला होता. अशा ट्रकचा फोटो पाहून ‘हे मॉडेल कुठलं?’ म्हणून विचारणाऱ्याला नेमकं उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. समोरची जाळी एकाची आणि आतला आवाज दुसऱ्याचा असतो.

मग टाटा आले, आणि आले ते कायमचेच. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. हा करार १९६९ पर्यंत होता. म्हणून जुन्या फोटोतल्या टाटाच्या नाकावर बेन्झचा तीन टोकांचा तारा दिसला तर गाडी बहुतेक साठच्या दशकातली समजायची. नुसता ‘टी’ असेल तर त्यानंतरची. नाक हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. पुढे आलेलं गोल बॉनेट असलेला ट्रक आणि सपाट तोंडाचा ट्रक यांच्या चाहत्यांत आजही दोन तट आहेत. नाकवाल्याचं इंजिन बाहेर, त्यामुळे केबिनमध्ये धग कमी आणि गॅरेजात काम करायला सोपं; सपाट तोंडवाल्याला वळण बरं घेता येई. अशोक लेलँडचा कॉमेट, हिंदुस्थान मोटर्सची बेडफर्ड, प्रीमियरचे फार्गो आणि डॉज हेही फोटोंत भेटतात, पण खाणपट्ट्यात टाटाला तोड नव्हती. सुटा भाग कुठल्याही गावात मिळे, एवढं एक कारण पुरेसं होतं.

तारीख ठरवायला दुसरा आधार नंबर प्लेटचा. गोवा, दमण, दीव हा केंद्रशासित प्रदेश होता तोवर गाड्यांचे नंबर ‘जीडी’ने सुरू होत, जीडीए, जीडीबी, आणि ट्रकांवर हमखास दिसणारी जीडीटी. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झालं, आणि मोटार वाहन कायदा बदलल्यावर १९८९ पासून ‘जीए’ आलं. अर्थात जुनी गाडी जुना नंबर घेऊन पुढे वर्षानुवर्षं धावतच असते, त्यामुळे नंबर फोटोची नाही, गाडीची जन्मतारीख सांगतो.

आता खुद्द खनिजाचा ट्रक. बाहेरचा माणूस असा फोटो पाहून पहिली शंका काढतो ती ही की ट्रक अर्धा रिकामा का? हौद्याच्या कडा बुटक्या, आणि आतला माल त्या कडांच्याही खाली. पण लोहखनिज खडी-वाळूपेक्षा बरंच जड. दोन अॅक्सलच्या ट्रकला दहा टनांच्या आसपास माल न्यायचा तर चारेक घनमीटरमध्येच वजन पुरं होतं. खडीच्या ट्रकसारखा हौदा काठोकाठ भरला तर पाटे सरळ होऊन टायर फुटायची वेळ. म्हणून फोटोत शिखर काढलेला ढीग दिसला, हौद्याला वर फळ्या मारलेल्या दिसल्या, तर तो ओव्हरलोड आहे हे जाणकार लगेच ओळखतात. आणि मागचे टायर नीट पाहायचे. त्यांना, मडगार्डला, क्लीनरच्या पायांना, सगळ्यालाच एकच तांबूस-जांभळा रंग चढलेला असतो. कृष्णधवल फोटोतही तो कळतो, कारण गाडीचा खालचा अर्धा भाग एकाच गडद छटेचा होऊन बसतो.

सुरुवातीच्या वर्षांत हे भरणं हातानेच होई. बायका डोक्यावर पाटी घेऊन फळीवरून चढत आणि हौद्यात रिकामी करत. नंतर यंत्रं आली, हौदा उचलून माल आपोआप ओतणारे टिपर आले, आणि ट्रक भरायला लागणारा वेळ मिनिटांवर आला. तिथून धंद्याचं गणितच बदललं. पैसे खेपेवर, म्हणजे जितक्या ट्रिपा तितकी कमाई. भरायला वेळ लागत नाही म्हटल्यावर उरलेला वेळ रस्त्यावरच वाचवायचा. खाणपट्ट्यातल्या ट्रकांच्या बदनाम वेगाचं मूळ ड्रायव्हरच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या हिशेबात शोधावं.

ट्रक कुणाचे, हा प्रश्न राहिला. खाण कंपनीची, बार्ज कंपनीची किंवा तिच्याशी बांधलेली. ट्रक मात्र मोठ्या प्रमाणावर गावकऱ्यांचे. पाळी, वेळगे, सुर्ला, पिसुर्ले, मये, मुळगाव, शिरगाव अशा गावांत खाणीची माती पावसाबरोबर शेतात उतरली, विहिरी आटल्या, कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, धुळीने माखल्या. शेती गेली त्याच्या बदल्यात ट्रक आला, असंच म्हणायला हवं. बँकेचं कर्ज, थोडं बायकोचं सोनं, आणि खाणीवर गाडी लावून घेण्याचा शब्द. गावात ट्रकमालकांची संघटना असे. कुणाची गाडी कुठल्या खाणीवर, टनाला दर किती, डिझेल वाढलं तर दर कधी वाढणार, यावरची भांडणं तिच्यामार्फत चालत. गोव्यात ‘वाहतूक कंपनी’च्या जागी काही असेल तर ते हे. पण संघटना काही दारावर नाव रंगवत नाही.

आल्बमातले बहुतेक फोटो दसऱ्याचे असण्यामागेही खाणीचंच वेळापत्रक आहे. पावसाळ्यात नदीच्या मुखाशी बार्ज जाऊ शकत नाही, खाणीत चिखल होतो. जून ते सप्टेंबर ट्रक अंगणात किंवा गॅरेजात उभा. त्या काळात पत्रे ठोकायचे, रंग द्यायचा, पेंटरकडून नवं नाव काढून घ्यायचं. दसऱ्याला झेंडूच्या माळा, बॉनेटवर कुंकवाचे पट्टे, चाकाखाली लिंबू, आणि सगळं घर गाडीपुढे उभं करून फोटो. एका दिवसानंतर तो रंग पुन्हा दिसणार नसतो. यामुळे या फोटोंतले ट्रक नेहमी नवेकोरे दिसतात आणि आठवणी काढणाऱ्याला वाटतं की तेव्हा गाड्या किती जपत! जपत होतेच, पण वर्षातून एकदा. कामावरच्या ट्रकचा, मे महिन्यातल्या दुपारचा फोटो हाती लागला तर तो दहा दसऱ्यांपेक्षा मोलाचा.

फेरीबोटीवर चढलेल्या ट्रकांचे फोटोही बरेच आहेत. मांडवीवर पूल झाला सत्तरच्या दशकाच्या तोंडाशी, जुवारीवर १९८३च्या सुमारास. त्याआधी पणजी-बेती आणि आगशी-कुठ्ठाळी या फेऱ्यांशिवाय गत्यंतर नव्हतं. मग ५ जुलै १९८६ला मांडवीचा नेहरू पूल कोसळला आणि नवा पूल होईपर्यंत फेरीबोटींना पुन्हा भाव आला. म्हणून बेतीच्या धक्क्यावरचा फोटो दिसला की तो १९७०च्या आधीचा असं ठोकून देऊ नये. ट्रकचं नाक बघावं, मग बोलावं.

खनिजाबाहेरची वाहतूक फोटोंत कमी दिसते, पण ती नव्हती असं नाही. बेळगावहून अनमोड, चोर्ला, आंबोलीच्या घाटांनी भाजीचे ट्रक रात्री उतरत आणि पहाटे म्हापशाच्या बाजारात लागत. चिऱ्यांचे, रेतीचे ट्रक होते. संजीवनी साखर कारखान्याकडे जाणारा ऊस होता. बांद्याच्या बाजूने बाहेर पडणाऱ्याला इन्सुलीच्या नाक्यावर दारूच्या तपासणीसाठी थांबणं ठरलेलं. जानेवारी १९९९ पासून कोकण रेल्वेने भरलेले ट्रकच रेल्वेच्या वाघिणींवर चढवून कोलाड-वेर्णा असे न्यायला सुरुवात केली. पावसात, वेर्ण्याला, वाघिणींवर ओळीने उभे ताडपत्री बांधलेले ट्रक हा फोटो काढणाऱ्यांचा आवडता विषय झाला तो तेव्हापासून. शिवाय शिगमो आणि कार्निव्हालचे चित्ररथ. त्यांच्याखाली बहुतेक वेळा ट्रकच असतो, फक्त चाकं तेवढी दिसतात.

२००४ नंतर चीनची मागणी आली. पूर्वी कुणी विचारत नव्हतं असं कमी प्रतीचं खनिज, खाणीबाहेर टाकून दिलेल्या मातीचे जुने ढीग, म्हणजे डंपसुद्धा, विकले जाऊ लागले. २०१०-११ मध्ये गोव्यातून निर्यात पाच कोटी टनांवर गेली. कुडचडे-सावर्डे, तिस्क, उसगाव इथले रस्ते ट्रकांच्या अखंड रांगेने भरून गेले; शाळेची मुलं रस्ता ओलांडू शकत नव्हती, बायका रस्त्यावर उतरून गाड्या अडवत होत्या. या काळातले फोटो डिजिटल, भरपूर, आणि खरं तर सगळ्यांत कमी जपलेले. फोन बदलले, फोटो गेले.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने वाहतूकही. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेने परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं बंद. हप्ते चालू, गाडी उभी. अनेकांनी ट्रक मिळेल त्या भावात फुंकले, काही अंगणातच गंजले, वेलींनी झाकले. जुन्या फोटोंची देवाणघेवाण या वर्षांत वाढली यात नवल नाही. पण त्यात एक खोट राहते. ‘ते दिवस’ म्हणून जो ट्रक आठवतो तो झेंडूचा. त्याच घराच्या शेतात साचलेल्या मातीचा फोटो आल्बमात नसतो.

बाणावलीच्या ‘गोवा चक्र’ संग्रहालयात बैलगाड्या आणि रथ जपून ठेवले आहेत, ते योग्यच आहे. खनिजाच्या ट्रकला तशी जागा अजून मिळालेली नाही. बहुधा तो अजून पुरेसा जुना वाटत नाही, आणि त्याच्याबद्दल गावात एकमतही नाही. डिसेंबर २०२२ पासून खाणपट्टे लिलावाने दिले जाऊ लागले आहेत, वाहतूक पुन्हा हळूहळू सुरू होते आहे, आणि कुणाचे ट्रक लावायचे, गावातून न्यायचे की बगलरस्त्याने, ही भांडणंही. तेव्हा ज्यांच्या घरी जुने प्रिंट आहेत त्यांनी मागच्या बाजूला पेन्सिलीने तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: गाडी कुठल्या खाणीवर होती, माल कुठल्या धक्क्याला जाई, आणि समोर उभी असलेली माणसं कोण. मॉडेल काय ते जाणकार नाकावरून सांगतील.