ऑटोमॅटिक रीफ टँकसाठी मासे निवडताना

आमच्याकडून रीफ टँक, म्हणजे कोरल असलेला समुद्री टँक बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. एटीओ हे यंत्र वाफ होऊन उडालेल्या पाण्याची आपोआप भर घालतं, चिलर पाणी थंड करून २५-२६ अंशांवर ठेवतो, डोसर ठरल्या वेळी क्षार सोडतो आणि यातलं काही बिघडलं तर मोबाइलवर अलार्म येतो. पाण्याची काळजी अशी बरीचशी यंत्रांवर सोपवता येते. मासा दोन दिवस खात नाही, किंवा एक मासा दुसऱ्याला दगडाआडून बाहेरच येऊ देत नाही, याचा अलार्म मात्र कुठलाही कंट्रोलर देत नाही. म्हणून मासा दाखवताना आम्ही आधी विचारतो : तुम्ही चार दिवस गावाला गेलात तर हा मासा फीडरमधल्या, म्हणजे आपोआप खाणं टाकणाऱ्या यंत्रातल्या, कोरड्या दाण्यांवर राहील का?

या परीक्षेत क्लाउनफिश सहज उतरतो. आम्ही ऑसेलारिस जातीचा, हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढलेलाच मासा देतो. त्याला लहानपणापासून दाण्यांची सवय असते आणि समुद्रातून पकडून आणण्याचा ताण त्याने सोसलेला नसतो. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) या माशांच्या प्रजननावर मोठं काम केलं आहे, नवी मुंबईत ऐरोलीलाही क्लाउनफिशची हॅचरी उभी राहिली आहे. दोन लहान पिल्लं एकत्र सोडा. त्यांतलं दांडगं पुढे मादी होतं, दुसरं नर राहतं. त्यांना अॅनिमोन (समुद्रफूल) लागतोच असं नाही.

बांगाई कार्डिनल हा आमच्या विशेष आवडीचा मासा. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या आसपास तो सापडतो आणि बेसुमार पकडीमुळे आज धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. त्यामुळे तोही हॅचरीतलाच घ्यावा. नर अंडी तोंडात धरून उबवतो. त्या काळात त्याची हनुवटी फुगलेली दिसते आणि तो तीन-चार आठवडे जवळपास काहीच खात नाही. घाबरून औषध घालू नका, त्याला त्याच्या जागी शांत राहू द्या. जमलेली जोडी मिळाली तर उत्तम, कारण लहान टँकमध्ये दोन नर एकमेकांना टिकू देत नाहीत.

वॉचमन गोबी हा मासा आणि पिस्टल श्रिंप ही कोळंबी, ही जोडी तासन्तास बघत बसावी अशी. श्रिंपची नजर फार अधू. तो वाळू उपसत बिळाबाहेर येतो तेव्हा त्याची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपूट थरथरवतो आणि दोघेही बिळात गडप होतात. मात्र हे दोघं दगडाखालची वाळू पोखरतात, म्हणून लाइव्ह रॉक (टँकमधला सजीवांनी भरलेला समुद्री दगड) वाळूवर न रचता थेट तळाच्या काचेवर टेकवावा लागतो. आधीच्या टँकमध्ये तो वाळूवर असेल तर आम्हाला सांगा.

आता ज्यांना आम्ही नाही म्हणतो ते. मँडरिन माशाचे रंग पाहून मन मोडवत नाही, हे आम्हाला कळतं. पण तो दिवसभर दगडावरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, टिपून जगतो. नव्या टँकमधले कोपेपॉड काही आठवड्यांत संपतात आणि फीडर दाणे टाकत असताना हा मासा उपाशी मरतो. कॉपरबँड बटरफ्लायची गोष्टही थोडीफार तशीच. वाळू चाळणारा डायमंड गोबी अनेकदा खंगत जातो, शिवाय चाळलेली वाळू कोरलवर आणि पंपात उडवतो. ब्लू टँग मुलांना हवा असतो, पण तो फूटभर वाढतो. चार फुटी टँकमध्ये त्याला पोहायला जागा नाही. स्वस्त डॅमसेल तर एकदा दगडांत शिरला की सगळी मांडणी उचलल्याशिवाय हाती लागत नाही, आणि तोवर गरीब माशांचे पंख फाटलेले असतात.

उडी मारणारे मासे, म्हणजे फायरफिश आणि बहुतेक रास (wrasse) जातीचे मासे, घ्यायचे असतील तर टँकवर जाळी हवीच. फीडरसाठी जाळीला जे भोक पाडतो, नेमक्या तिथूनच मासा बाहेर पडतो. त्या भोकाला कडं बसवून देण्याचं काम आम्ही करतो, मागून घ्या.

पावसाळ्यात फीडरकडे विशेष लक्ष द्या. मुंबई-कोकणच्या हवेत दाणे ओल धरतात, त्यांचा गोळा होतो, भोक बुजतं आणि कधीतरी सगळा गोळा एकदम पाण्यात पडतो. मग नायट्रेट चढतं. जून ते सप्टेंबर चार-पाच दिवसांपुरतेच दाणे भरा आणि फीडर संपच्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीच्या) वाफेपासून लांब ठेवा.

वीज गेल्यावर चिलर इन्व्हर्टरवर चालत नाही, निदान घरगुती इन्व्हर्टरवर तरी नाही. मे महिन्यात काही तासांतच पाणी तापू लागतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणून वेव्हमेकर (पाणी खेळतं ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर घ्या आणि मासे मोजके ठेवा. ४ × २ × २ फुटांच्या, सुमारे ४५० लिटरच्या टँकमध्ये आम्ही सहा-सात लहान मासे सुचवतो. आधी लाजाळू मासे सोडा, शेवटी दांडगे, आणि दोन माशांमध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या.

नवा मासा थेट टँकमध्ये सोडू नका. व्हाइट स्पॉट या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी एकदा आत शिरला तर कोरल असलेल्या टँकमध्ये तांब्याचं औषध घालता येत नाही, श्रिंप आणि गोगलगायी त्याने मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून टँक अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो. त्यापेक्षा महिनाभर वेगळ्या टँकमध्ये ठेवणं सोपं. जागा नसेल तर मासा आमच्याकडे ठेवा.

कोरलबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कठीण कोरल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, समुद्री घोडेही. आम्ही ते विकत नाही आणि बाहेरून आणून बसवूनही देत नाही. मशरूम, झोअँथिड, लेदर अशा मऊ कोरलचा टँक करतो. त्यात डोसरचं काम हलकं राहतं. फक्त ड्वार्फ एंजल हा मासा झोअँथिड कुरतडू शकतो, तेवढा टाळा.

मासा घ्यायला याल तेव्हा टँकची मापं, आधीच्या माशांची नावं आणि तुमच्या फीडरमधले थोडे दाणे घेऊन या. तेच दाणे आम्ही तुमच्यासमोर माशाला टाकतो. नुसतं तोंडात घेऊन थुंकलं तर ते खाणं धरत नाही. डोक्यामागचा भाग खपाटीला गेलेला नाही ना, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत नाहीत ना, तेही बघा. पटलं नाही तर मासा आमच्याकडेच राहू द्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बघायला या.