कर्ज पगाराच्या किती पट आणि हप्ता पगाराच्या किती टक्के: कलाशाखेच्या पदवीआधी करायचे दोन वेगळे हिशेब

अमेरिकेत चित्रकला, नृत्य, नाटक, संगीत किंवा चित्रपट शिकायला निघालेल्या मुलाच्या घरी प्रश्न एकच असतो: कर्ज झेपेल का? उत्तरं मात्र दोन निघतात, कारण मापं दोन आहेत. पहिलं माप म्हणजे पदवी हातात येईल त्या दिवशीचं एकूण कर्ज भागिले पहिल्या वर्षाची कमाई. दुसरं म्हणजे वर्षभराचे हप्ते भागिले वर्षभराची कमाई. दोन्हींना सर्रास ‘कर्ज आणि कमाईचं गुणोत्तर’ म्हटलं जातं आणि घोळ तिथेच सुरू होतो. पहिलं माप ओझं किती आहे ते सांगतं. दुसरं सांगतं की ते ओझं किती वर्षांत वाटून घेतलं आहे.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी स्वतःच्या नावावर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज मिळतं ते पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दरवर्षी ७,५००. चार वर्षांत मिळून २७,०००. पदवीच्या कर्जाचा २०२५-२६ चा दर ६.३९ टक्के आहे. दर वर्षीच्या कर्जाचा दर वेगळा असतो, पण हिशेब सोपा राहावा म्हणून सगळ्याला हाच धरू आणि शिकताना चढणारं व्याज बाजूला ठेवू. समजा, पदवीनंतर नोकरी मिळाली वर्षाला ३६,००० डॉलरची.

पहिल्या मापाने २७,००० भागिले ३६,००० म्हणजे ०.७५. ‘एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नको’ हा नेहमी दिला जाणारा सल्ला. त्यात हे आरामात बसतं.

आता दुसरं माप. दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता येतो महिन्याला सुमारे ३०५ डॉलर, वर्षाला ३,६६१. म्हणजे पगाराच्या १०.२ टक्के. अमेरिकी शिक्षण खात्याच्या २०२३ च्या ‘गेनफुल एम्प्लॉयमेंट’ नियमातली हप्त्यांची पहिली मर्यादा कमाईच्या ८ टक्क्यांची. तिच्या हे बाहेर जातं. तेच कर्ज पंधरा वर्षांत फेडायचं म्हटलं, तर हप्ता २३४ डॉलरवर येतो आणि टक्केवारी ७.८ होते. मर्यादेच्या आत! विद्यार्थी तोच, पगार तोच, कर्जात एका डॉलरचाही फरक नाही. बदलली ती फक्त मुदत. तिची किंमत व्याजात मोजावी लागते: दहा वर्षांत सुमारे ९,६००, पंधरा वर्षांत सुमारे १५,०००. मुदत वाढवली की दुसरं माप सुधारतं, पहिलं जागचं हलत नाही. कर्ज किती काढायचं हे ठरवताना म्हणूनच पहिल्या मापावर भिस्त ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हा मुदतीचा मुद्दा आता पुस्तकी राहिलेला नाही. २०२५ च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जांसाठी ठरावीक हप्त्यांच्या योजनेत मुदत रकमेवर ठरते: २५,००० डॉलरच्या खाली दहा वर्षं, २५,००० ते ५०,००० पर्यंत पंधरा, त्यापुढे वीस आणि एक लाखाच्या वर पंचवीस. आपल्या उदाहरणातले २७,००० आपोआप पंधरा वर्षांत जातात. तीन हजार कमी काढले, तर दहा वर्षांत सुटका.

दुसरा पर्याय उत्पन्नावर आधारित, ‘रॅप’ नावाच्या योजनेचा. ३०,००० ते ४०,००० उत्पन्नावर हप्ता ३ टक्के, म्हणजे ३६,००० वर महिन्याला ९० डॉलर. दुसऱ्या मापाने फारच सुखद चित्र. पण २७,००० वर पहिल्या महिन्याचं व्याजच १४४ डॉलर होतं. न भरलेलं व्याज योजना माफ करते आणि मुद्दल महिन्याला निदान ५० डॉलरने उतरेल एवढी भर घालते. तरी वर्षभर नेमाने हप्ते भरून मुद्दल उतरतं ६०० डॉलर. उरलेलं कर्ज माफ होतं ते तीस वर्षांनी. पगार वाढेल तसा टक्काही वाढतो. मंदीच्या वर्षात कलाकाराला ही योजना खरोखर तारते, आणि त्यासाठी ती जरूर वापरावी. पण ‘९० डॉलर तर भरायचेत’ म्हणून प्रवेशाच्या वेळी जास्त कर्ज काढणं ही चूक आहे.

कलाक्षेत्रात दोन्ही मापांचा छेद, म्हणजे कमाई, हीच सर्वांत निसरडी जागा. वरचे ३६,००० नोकरीचे नसून सुट्या कामांच्या बिलांचे असतील तर? स्टुडिओचं भाडं, रंग, कॅनव्हास, वाद्याची दुरुस्ती, ऑडिशनचा प्रवास असे ९,००० वजा केले की उरतात २७,०००. पहिलं माप ०.७५ वरून थेट १ वर जातं. त्यावर स्वयंरोजगार कर: निव्वळ कमाईच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के, म्हणजे सुमारे ३,८१५ डॉलर. नोकरीत याचा निम्मा वाटा मालक भरतो, इथे सगळा स्वतःच्या खिशातून. आयकराआधीच हातात राहतात २३,१८५ आणि दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता त्यातले जवळजवळ १६ टक्के खातो. शिवाय हप्ता दर महिन्याला येतो, काम हंगामाने येतं. वार्षिक टक्केवारीत रिकामे महिने दिसत नाहीत. त्यासाठी तीन-चार महिन्यांचे हप्ते बाजूला असायला हवेत.

आकडे कुठून घ्यायचे? शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’वर प्रत्येक संस्थेच्या अभ्यासक्रमानुसार मध्यक कर्ज आणि मध्यक कमाई मिळते. ‘दृश्य आणि प्रयोगकला’ या एका छत्राखाली नृत्य, नाटक, संगीत, चित्रकला-शिल्पकला, चित्रपट आणि डिझाइन सगळं येतं. ग्राफिक डिझाइनरला पगारी नोकऱ्या असतात, नर्तकीला मुख्यतः करारावरची कामं. म्हणून संपूर्ण गटाचा नव्हे, आपल्याच अभ्यासक्रमाचा आकडा उघडावा. तिथल्या कर्जाच्या आकड्यात अर्धवट सोडून गेलेले नसतात आणि खासगी कर्जही नसतं. पालकांनी काढलेलं कर्ज वेगळं दाखवतात. कमाईचा आकडा फेडरल मदत घेतलेल्यांपुरताच असतो.

हे पालकांचं ‘पॅरेंट प्लस’ कर्जच घरोघरी हिशेबातून निसटतं. मुलाचे २७,००० कागदावर दिसतात, फी आणि राहण्याचा उरलेला खर्च आईच्या नावावर चढतो. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना त्याची मर्यादा एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर आहे, आणि या नव्या कर्जांना रॅप लागू नाही. दोन्ही मर्यादा गाठल्या तर एका कलापदवीमागे घरावर ९२,००० डॉलर. ३६,००० च्या पगाराशी ताडलं तर ते अडीच पटीहून जास्त, आणि स्कोअरकार्डवरचं मुलाचं मध्यक कर्ज मात्र निरागस दिसत राहतं. पहिल्या मापाच्या अंशस्थानी घरातल्या सगळ्यांचं, खासगी धरून, सगळं कर्ज लिहावं.

विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना फेडरल कर्ज मिळतच नाही, त्यामुळे रॅपचा आधारही नाही. त्यांच्यासाठी दोन्ही हिशेब करारात लिहिलेल्या दराने आणि मुदतीने करायचे, आणि दर बदलता असेल तर तो दोन टक्क्यांनी चढला असं धरून पुन्हा एकदा.