प्रतोद कोणाचा? चौदाव्या विधानसभेची ठाण्याकडून पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यातून विधानसभेवर १८ आमदार जातात. ऑक्टोबर २०१९ मध्ये निवडून आलेल्यांत भाजपचे ८, शिवसेनेचे ५, राष्ट्रवादीचे २ आणि समाजवादी, मनसे व अपक्ष असे प्रत्येकी एक होते. पुढच्या पाच वर्षांत या १८ पैकी एकाही जागेवर पोटनिवडणूक झाली नाही आणि एकही आमदार अपात्र ठरला नाही. तरी नोव्हेंबर २०१९ अखेर यांतले ८ जण सरकारच्या बाजूला होते आणि जुलै २०२३ मध्ये १६. मधल्या काळात विधानसभेसाठी इथल्या एकाही मतदाराच्या बोटाला शाई लागली नव्हती.

राज्याचे आकडे बहुतेकांना पाठ आहेत, म्हणून ते एकदाच. २८८ पैकी भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. बाकीचे २९ छोटे पक्ष आणि अपक्ष, त्यांत अपक्षच १३. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ तारखेला पहाटेचा शपथविधी, २६ ला राजीनामा, २८ ला शिवाजी पार्कवर महाविकास आघाडीचे सरकार आणि ३० ला १६९ मतांनी विश्वासदर्शक ठराव. त्या तीन-चार दिवसांच्या गोंधळात शहापूरचे आमदार कुठे आहेत याचा पत्ता नव्हता आणि ते हरवल्याची तक्रार पोलिसांत गेली होती. पुढे ते परतले. २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली तेव्हा ते पुन्हा पहाटेच्या शपथविधीतल्या अजित पवारांबरोबरच गेले. या वेळी त्यांना शोधायची वेळ कोणावर आली नाही.

मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तेव्हा कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांची मुदत संपत आली असताना मे २०२० मध्ये ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले. राज्यपालांकडे पाठवलेली बारा नावांची यादी मात्र नोव्हेंबर २०२० पासून पडून राहिली आणि नव्या सरकारने ती मागे घेतली. तो वेगळा विषय आहे. त्यावर सगळ्यांनीच भरपूर लिहिले आहे.

पक्षफुटीचा इतिहास ठाण्याला शिकवावा लागत नाही. शिवसेनेला सत्ता पहिल्यांदा मिळाली ती इथल्याच नगरपालिकेत, १९६७ मध्ये. १९८९ ला महापौरपदाच्या निवडणुकीत सेनेची मते फुटली आणि उमेदवार पडला. त्यानंतर सेनेच्याच एका नगरसेवकाचा खून झाला आणि जिल्हाप्रमुखांना टाडाखाली अटक झाली. 'गद्दार' हा शब्द २०२२ मध्ये राज्यभर घोषणेसारखा फिरला, पण टेंभी नाक्यावर तो तेव्हापासूनचा आहे आणि त्याचे वजनही वेगळे आहे. गेलेल्या आमदारांनी आपल्या कृतीला आग्रहाने 'उठाव' म्हटले, ते या शब्दापासून दूर राहण्यासाठीच असावे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, तिलाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. तेव्हा विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती फूट मानली जाई आणि त्यांना धक्का लागत नसे. डिसेंबर १९९१ मध्ये सेनेतले पहिले मोठे बंड झाले तेव्हा पक्षाचे ५२ आमदार होते, म्हणजे १८ पुरेसे होते. २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ही एक तृतीयांशाची पळवाट बुजवली. आता राहिली ती फक्त दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट. म्हणून जून २०२२ मध्ये प्रत्येक वाहिनीवर ३७ चा आकडा येत होता. सेनेच्या ५६ पैकी एका आमदाराचे मे महिन्यात निधन झाले होते, उरले ५५, त्यांचे दोन तृतीयांश ३७. पण हे ३७ जमवून कुठल्याच पक्षात विलीन व्हायचे नव्हते. 'आम्हीच शिवसेना' हा दावा होता आणि त्यासाठी दोन तृतीयांश लागतात असे दहाव्या अनुसूचीत कुठेही लिहिलेले नाही. आठवडाभर चर्चा झाली ती भलत्याच आकड्याची.

खरा गुंता प्रतोदाचा होता आणि तो अजूनही अनेकांना नीट उलगडलेला नाही. याला निम्मी जबाबदार आपली बोलीच आहे. मराठीत 'व्हिप' म्हटले की दोन वेगळ्या गोष्टी निघतात. एक तो माणूस, म्हणजे प्रतोद. दुसरा तो जो आदेश काढतो तो, म्हणजे पक्षादेश. 'व्हिप काढला', 'व्हिप नेमला', 'व्हिप मोडला' ही तिन्ही वाक्ये आपण एका श्वासात बोलतो. प्रतोद हा संस्कृत शब्द आहे. जनावर हाकायची पराणी किंवा चाबूक असा त्याचा अर्थ. विधानभवनात हे पद अगदी सभ्य असते, पण मूळ अर्थ विसरू नये. चाबूक कोणाच्या हातात, एवढाच प्रश्न होता.

त्यात आणखी एक जोडी मिसळली: 'राजकीय पक्ष' आणि 'विधिमंडळ पक्ष'. पहिला म्हणजे शाखा, सभासद, प्रतिनिधी सभा, पक्षप्रमुख असलेली संघटना. दुसरा म्हणजे सभागृहात त्या चिन्हावर निवडून आलेल्यांचा गट, ज्याचा गटनेता असतो. अनुसूचीत दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या दिल्या आहेत. पक्षादेश मोडल्याबद्दलच्या कलमात शब्द आहे तो राजकीय पक्षाचा. पण रोजच्या व्यवहारात गटनेता निवडल्याचे आणि प्रतोद नेमल्याचे पत्र अध्यक्षांकडे जाते आणि ते कोणाच्या अधिकाराने आले हे कोणी तपासत नाही. सगळे गुण्यागोविंदाने चालले असेल तर तपासायची गरजही पडत नाही.

ती गरज २१ जून २०२२ ला पडली. आदल्या दिवशी विधान परिषदेची निवडणूक होती. त्या रात्री आमदारांच्या गाड्या ठाण्याच्या बाजूने सुरतेकडे निघाल्या. त्यांतल्या मराठवाड्यातल्या एका आमदाराने आपण सीमेजवळ उतरून अंधारात चालत मागे आलो असे नंतर सांगितले. बाकीचे आधी सुरतला आणि तिथून गुवाहाटीला पोहोचले. २१ तारखेला पक्षप्रमुख ठाकरेंच्या बाजूने कोपरी-पाचपाखाडीच्या आमदारांना, म्हणजे एकनाथ शिंदेंना, गटनेतेपदावरून काढले आणि शिवडीच्या आमदारांना नेमले. प्रतोद दिंडोशीचेच राहिले. त्याच दिवशी ३४ आमदारांच्या सह्यांचा उलट ठराव आला: गटनेते तेच आणि नवे मुख्य प्रतोद महाडचे आमदार. एका पक्षाचे दोन गटनेते आणि दोन प्रतोद झाले, आणि दोघेही एकमेकांच्या आमदारांना आदेश देऊ लागले.

दुसऱ्या दिवशी वर्षा बंगल्यावर बैठक होती. दिंडोशीच्या प्रतोदांनी हजर राहण्याचा आदेश काढला. न आलेल्यांपैकी १६ जणांविरुद्ध अपात्रतेच्या याचिका दाखल झाल्या. त्यांत ठाणे जिल्ह्यातले दोघे होते, कोपरी-पाचपाखाडीचे आणि अंबरनाथचे. इथे समोरच्या बाजूचा मुद्दा बिनतोड होता. पक्षादेशाचे कलम सभागृहातल्या मतदानापुरते आहे, बंगल्यावरच्या बैठकीला ते लागू होत नाही. पण याचिका फक्त त्या कलमावर उभ्या नव्हत्या. 'स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे' हे वेगळे कलम आहे आणि ते वागणुकीवरून ठरते. टीव्हीवरच्या चर्चांत ही दोन कलमे सरसकट एकत्र कालवली गेली.

मधे ठाकरेंनी राजीनामा दिला, शिंदे मुख्यमंत्री झाले. मग ३ जुलै. आधी एक आठवण. फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिल्यापासून ते पद रिकामे होते आणि उपाध्यक्ष कामकाज चालवत होते. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीने नियम बदलून अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाऐवजी उघड करायचे ठरवले, कारण आपलीच मते फुटण्याची भीती होती. राज्यपालांनी तेव्हा निवडणुकीला संमती दिली नाही. सात महिन्यांनी त्याच बदललेल्या नियमाने, शिरगणती करून, नवे अध्यक्ष निवडले गेले: १६४ विरुद्ध १०७. सेनेच्या ३९ आमदारांनी दिंडोशीच्या प्रतोदांच्या आदेशाविरुद्ध मत दिले आणि ते पीठासनावरून नोंदवले गेले. अध्यक्ष निवडून आले आणि त्याच रात्री विधिमंडळ सचिवालयाने शिवडीच्या गटनेत्याची मान्यता काढून महाडच्या प्रतोदांना मान्यता दिली. चाबकाने एका दिवसात हात बदलला. दुसऱ्या दिवशीच्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी आणखी एक आमदार आला आणि ४० ची बेरीज पूर्ण झाली. ठाणे जिल्ह्यातले सेनेचे पाचही जण, भिवंडी ग्रामीण, कल्याण पश्चिम, अंबरनाथ, ओवळा-माजिवडा आणि कोपरी-पाचपाखाडी, या चाळिसांत होते. यात ओवळा-माजिवड्याचे नाव कोणाला अनपेक्षित नव्हते. तिथल्या आमदारांनी जून २०२१ मध्येच पक्षप्रमुखांना पत्र लिहून भाजपशी जुळवून घ्या असे सुचवले होते. जुलै २०२२ मध्येच ठाणे महापालिकेतले सेनेचे ६७ पैकी ६६ माजी नगरसेवकही नव्या मुख्यमंत्र्यांबरोबर गेले. 'माजी', कारण पालिकेची मुदत मार्चमध्येच संपली होती आणि तिथे प्रशासक बसला होता.

११ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल बहुतेकांच्या लक्षात आहे तो एका वाक्यासाठी: मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला नसता तर त्यांना परत आणता आले असते. माझ्या मते त्याच निकालातले प्रतोदाबद्दलचे उत्तर जास्त महत्त्वाचे आहे. प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. हा अधिकार आमदारांच्या गटाला दिला तर आमदाराची पक्षाशी असलेली नाळच तुटेल, अशी उपमाही न्यायालयाने वापरली. ३ जुलैला महाडच्या प्रतोदांना दिलेली मान्यता म्हणून बेकायदा ठरली. पण अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच 'वाजवी मुदतीत' घ्यावा, असे सांगून फाइल पुन्हा विधानभवनात आली.

वाजवी मुदत आठ महिन्यांची निघाली, तीही न्यायालयाने तारखा बांधून दिल्यावर. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी निकाल वाचला. न्यायालय म्हणते प्रतोद राजकीय पक्षाचा, ठीक. मग राजकीय पक्ष कोणता? पक्षाची २०१८ ची घटना निवडणूक आयोगाच्या दप्तरी नाही, १९९९ ची आहे. तिच्याप्रमाणे नेतृत्वाची रचना ठरवता येत नाही. म्हणून पाहायचे ते विधिमंडळातले बहुमत. फूट पडली तेव्हा ते ५५ पैकी ३७ जणांकडे होते, तर पक्ष तोच, तर प्रतोदही महाडचेच. म्हणजे न्यायालयाने पुढच्या दाराने बाहेर काढलेली आमदारांची बेरीज मागच्या दाराने घरात आली. कोणीच अपात्र ठरले नाही. दुसऱ्या बाजूचे आमदारही वाचले, कारण त्यांच्यावर पक्षादेश प्रत्यक्ष बजावला गेल्याचे सिद्ध झाले नाही. आयोगाने धनुष्यबाण तर फेब्रुवारी २०२३ मध्येच दिला होता आणि त्याचाही आधार आमदार-खासदारांची संख्याच होता.

राष्ट्रवादीची गोष्ट यानंतर नव्याने सांगण्यासारखी नाही. २ जुलै २०२३ ला फूट पडली. ६ फेब्रुवारी २०२४ ला आयोगाने घड्याळ दिले. १५ फेब्रुवारीला अध्यक्षांनी ५३ पैकी ४१ मोजले आणि पुन्हा कोणी अपात्र नाही. ठाण्यापुरती एक गोष्ट वेगळी. फुटीच्या दिवशी मूळ नेतृत्वाने विरोधी पक्षनेता आणि मुख्य प्रतोद म्हणून नेमले ते मुंब्रा-कळव्याच्या आमदारांना. आदल्या वर्षी गुवाहाटीला गेलेल्या गटाचे नेते ठाण्याचे होते, आता राहिलेल्या गटाचा प्रतोद ठाण्याचा झाला. विरोधी पक्षनेतेपद महिन्याभरात काँग्रेसकडे गेले.

नवी मुंबईत हे सगळे थोडे परके वाटले, कारण तिथली फूट मुदत सुरू व्हायच्या आधीच झाली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथले सगळ्यात जुने सत्ताधारी घराणे राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेले. ऐरोलीची उमेदवारी आधी मुलाला मिळाली होती, ती वडिलांसाठी सोडली गेली आणि ते जिंकले. बेलापूर भाजपच्याच विद्यमान आमदारांकडे राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तोच मुलगा बेलापूरसाठी शरद पवारांच्या राष्ट्रवादीत परत गेला आणि ३७७ मतांनी पडला. हे पक्षांतर कायद्याच्या कक्षेत कधी आलेच नाही, कारण निवडणुकीच्या तोंडावर गेले की अपात्रतेला अर्थ उरत नाही. मे २०२० पासून तिथल्या महापालिकेतही प्रशासकच होता.

मीरा-भाईंदरच्या अपक्षाबद्दल मात्र कायद्यात स्वतंत्र कलम आहे. अपक्ष निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला की सदस्यत्व जाते, तिथे दोन तृतीयांशांची मुभाही नाही. तिथल्या आमदारांनी आधी भाजपला पाठिंबा दिला, ऑक्टोबर २०२० मध्ये शिवबंधन बांधले, २०२२ मध्ये नव्या सरकारबरोबर गेल्या. विधानसभेच्या कागदावर त्या पाचही वर्षे अपक्षच होत्या.

शेवटी शेवटी सभागृहच विरळ होत गेले. निधने, राजीनामे आणि लोकसभेवर निवडून गेलेले सात आमदार असे करत जुलै २०२४ च्या विधान परिषद निवडणुकीला मतदार उरले २७४. मुदत संपायला वर्षाहून कमी काळ राहिल्याने लोकसभेवर गेलेल्यांच्या जागी पोटनिवडणुका झाल्या नाहीत.

२० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झाले आणि २३ ला निकाल. ठाणे जिल्ह्यात महायुतीला १६ आणि विरोधकांना २, मुंब्रा-कळवा आणि भिवंडी पूर्व. जुलै २०२३ मध्येही विरोधात हेच दोन मतदारसंघ होते. २६ नोव्हेंबरला चौदाव्या विधानसभेची मुदत संपली तेव्हा अध्यक्षांच्या १० जानेवारीच्या निकालाविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात प्रलंबितच होत्या.