फाइल शेअरिंग (घरगुती राउटरवरील) व त्यातील दोष

एकाच राउटरला जोडलेल्या संगणकांनी परस्परांच्या फोल्डरांतील फाइली वापरण्याची व्यवस्था. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत घराच्या पुढच्या खोलीत थाटलेल्या डीटीपी दुकानांना ती सोयीची पडते: मराठी-कानडी लग्नपत्रिका एका यंत्रावर जुळवायची, दुसऱ्यावरून छापायची.

विंडोजमधील शेअरिंग ‘एसएमबी’ या प्रोटोकॉलवर (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या नियमांवर) चालते. त्याचा आरंभ आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ च्या सुमारास केला, असे सामान्यतः मानतात. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये पुढे आणलेले ‘सीआयएफएस’ हे नाव अनेकजण एसएमबीचाच पर्याय म्हणून वापरतात. ते एसएमबीच्या एका जुन्या बोलीपुरते (आवृत्तीपुरते) राखणे अधिक योग्य. विंडोजबाहेरच्या यंत्रांनाही एसएमबी बोलू देणाऱ्या, अँड्र्यू ट्रिजेल यांच्या ‘सांबा’ या सॉफ्टवेअरचा काळ कोणी १९९१, तर कोणी १९९२ देतात. लेखन १९९१ च्या अखेरीस व प्रसार १९९२ च्या आरंभी, असे धरल्यास दोन्हींचा मेळ बसतो. एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने असलेला शब्द शोधताना हे नाव सापडले. यूएसबी पोर्ट असलेल्या राउटरांत बहुधा सांबाच असते.

हा इतिहास दोष शोधताना उपयोगी पडतो. जुने राउटर केवळ पहिली आवृत्ती (एसएमबी १) बोलतात, आणि २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या स्थापनेत ती सहसा दिलेली नसते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा व्हायरस तिच्यातील त्रुटीतूनच पसरला होता. म्हणून ती पुन्हा चालू करण्यापेक्षा राउटरचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे इष्ट.

जाड दगडी भिंतींच्या घरांत वायफाय पोचावे म्हणून फायबरच्या डब्यापुढे (हा बाहेरचा राउटर) जुना राउटर (हा आतला) जोडतात. डब्याकडून येणारी वायर आतल्या राउटरच्या वॅन पोर्टात (इंटरनेटसाठीच्या तोंडात) गेल्यास वेगवेगळ्या पत्त्यांची दोन जाळी होतात, उदा. १९२.१६८.१.x आणि १९२.१६८.०.x. मग आतल्या राउटरवरचा संगणक बाहेरच्याला आयपी पत्त्याने (जाळ्यातील त्याच्या क्रमांकाने) गाठू शकतो, बाहेरच्याला मात्र आतला सापडत नाही. हा एकतर्फीपणा हीच या दोषाची खूण. उपाय: आतल्या राउटरला बाहेरच्या जाळ्यातला मोकळा पत्ता द्यावा, त्याचे डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटण्याची सोय) बंद करावे आणि वायर लॅन पोर्टात (घरातल्या संगणकांसाठीच्या तोंडात) घालावी.

लाइट जाऊन आल्यावर राउटर पत्ते नव्याने वाटतो, काल १९२.१६८.१.५ असलेले यंत्र आज १.७ होते व जुना शॉर्टकट निकामी ठरतो. राउटरमध्ये त्या यंत्राचा पत्ता राखून ठेवावा. गेस्ट वायफायवरची उपकरणे एकमेकांना सहसा दिसत नाहीत. विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ असल्यास ते ‘प्रायव्हेट’ करावे. दुसऱ्या यंत्रावरील फोल्डर उघडताना लॉगिनला पिन चालत नाही, खात्याचा पासवर्ड लागतो.

फाइल उघडते पण अक्षरे विचित्र दिसतात, तेव्हा दोष बहुधा जाळ्याचा नसतो: ‘श्रीलिपी’ किंवा कानडीच्या ‘नुडी’चा जुना, युनिकोडपूर्व फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर बसवलेला नसतो.